गुंजीचा ताप

आपल्याकडं एक गंमत आहे. ऊन बेचाळीस असतं आणि ताप एकशे दोन असतो. दोन्ही डिग्रीच. पण बेचाळीसच्या उन्हात माणूस करपून जातो, मग एकशे दोनच्या तापात उकळत कसा नाही, असं कुणी विचारत नाही. उन्हाचं माप वेगळं, तापाचं वेगळं, एवढं आपण लहानपणीच शिकतो आणि पुढं जन्मभर त्याचा विचार करत नाही. गरजच काय पडते? पण चाकूरच्या जगदेवीला पडली. आणि अशी पडली, की घरातली सून आणि गाय दोघी एकाच टेम्पोतून भोकरला निघाल्या होत्या.

तर ही जगदेवी. नवरा गुरुबसप्पा, बसस्टँडच्या मागं त्याचं सरकी-पेंडीचं दुकान. अख्खा जन्म जनावरांचं खाणं विकण्यात गेला, पण ह्या घराच्या दारात कधी शेळीसुद्धा बांधलेली नव्हती. "हलवाई काय स्वतःची मिठाई खातो व्हय?" असं गुरुबसप्पा म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मुलगा वीरेश दुकानातच बसतो. मुलगी सृष्टी उदगीरला दिलेली. घर स्वच्छ, माणसं सरळ, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय चहा नाही. नाव ठेवावं असं काहीच नाही, एक थर्मामीटर सोडलं तर.

ते थर्मामीटर कोरोनात आलं. तेव्हा सगळ्यांच्याच घरात आलं, पण बाकीच्यांनी नंतर ते कुठल्यातरी खणात टाकून दिलं. जगदेवीनं ते देवघरात ठेवलं, महादेवाच्या फोटोमागं. घरात कुणी शिंकलं की ते बाहेर. कुणी दोन घास कमी खाल्ले की ते बाहेर. शेजारच्या बायका लेकरं घेऊन यायच्या आणि जगदेवी चष्मा लावून आकडा वाचायची. तिचा कायदा ठरलेला होता. अठ्ठ्याण्णव म्हणजे बरा, शंभर म्हणजे पडून राहा, आणि एकशे एक म्हणजे दवाखाना. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात ना, तसं त्या गल्लीत जिच्या हाती थर्मामीटर ती डॉक्टर.

आकडा वाचायची सवय लागली की वाईट असतं बघा. मग माणूस माणसालाही आकडाच लावतो. जगदेवीच्या मापात पोरगी म्हणजे सृष्टी. सृष्टी बोलली तर पलीकडच्या खोलीत ऐकू जात नाही, हसली तर पदर तोंडाला, रागावली तर नुसती गप्प. आणि सून आली ती शिवकन्या. भोकरची. शेतातल्या घरात वाढलेली, या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय. तिनं "आत्या, चहा ठिऊ का?" म्हटलं तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. तिचं हसणं दुकानापर्यंत जायचं. आणि वाद घातला तर मग काही विचारूच नका.

"बोलते की भांडते, तेच कळत न्हाई," जगदेवी फोनवर सृष्टीला सांगायची. "सारखी तापलेलीच. अगं, नाकावर राग म्हणतेत, हिच्या तर डोक्यापासून पायापर्यंत हाय."

"अव्वा, तिचा स्वभावच तसा आसंल," सृष्टी म्हणायची, इतक्या हळू की जगदेवीला दोनदा विचारावं लागायचं.

लग्नाला वर्ष झालं. पंचमीला शिवकन्या माहेरी गेली. पंचमीला गेलेली सून येताना साडी घेऊन येते, फार तर एखादं भांडं. ही टेम्पोत गाय घेऊन आली. लाल कंधारी गाय, गुंजेसारख्या रंगाची, आणि नावही गुंजी. गाभण. महिन्याभरात व्यायला झालेली. शिवकन्यानं तिला वासरू असल्यापासून हातानं वाढवलेलं. तिचे वडील मलप्पा म्हातारे झाले, गुरं कमी करून राहिले होते, आणि ही म्हणाली, सगळी विका, पण गुंजी मी नेते.

"इचारलं का तू आम्हाला?" जगदेवीनं दारातच विचारलं.

"इचारलं असतं तर हाव म्हणला असता का?" शिवकन्या टेम्पोच्या फाळक्यावरून खाली उतरत ओरडली. ओरडली म्हणजे बोलली.

परसात पत्र्याचं शेड होतं, रिकाम्या पोत्यांनी भरलेलं. वीरेशनं ते मोकळं केलं, गुंजीला बांधलं. गुरुबसप्पा मात्र खूश झाला. त्यानं दुकानातून चांगल्यातली पेंड आणून घमेल्यात भिजवली आणि गुंजीसमोर ठेवली. जगदेवी दारातून बघत राहिली. तिला गाय आवडली नव्हती असं नाही हं. गाईचे डोळे बघून तिचा हात आपोआप पुढं गेला होता, पण तो तिनं पदरात लपवला. सासूनं लगेच कसं विरघळायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी गुंजीनं पेंडीत तोंड घातलं नाही. हुंगलं, फुसकारली, तोंड फिरवलं.

नेमका त्याच वेळी शेजारचा संगमेश्वर भिंतीवरून डोकावला. त्याची बैलजोडी भिंतीच्या पलीकडंच बांधलेली. मागं लम्पीच्या साथीत त्याचं एक गोऱ्हं गेलं होतं, अंगभर गाठी येऊन, त्याच्या डोळ्यांदेखत. दुधानं तोंड पोळलेला माणूस, ताक फुंकूनच पिणार. त्यानं गुंजीच्या मानेकडं बोट केलं.

"वहिनी, ती गाठ हाय का न्हाई? मानंखाली? आन खाऊन बी न्हाई राहिली. तिकडं पलीकडच्या गावात पुन्हा लम्पी आलाय म्हणतेत."

जगदेवी तडक देवघरात गेली आणि थर्मामीटर घेऊन आली.

"वीरेश, लाव."

"कुठं लावू?"

"कुठं म्हंजी? जनावराला काय काख असती का? शेपटी उचल."

वीरेशनं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, शेवटी देवाकडं बघितलं. मग डोळे मिटून, श्वास रोखून त्यानं ते काम केलं. गुंजीनं एकदा पाय झाडला, पण शिवकन्यानं कपाळ खाजवलं तशी शांत राहिली. यंत्र वाजलं. जगदेवीनं ते पोत्याच्या तुकड्यानं धरलं, चष्मा सावरला आणि वाचलं.

एकशे एक पॉइंट चार.

"शिव शिव शिव," ती म्हणाली. "एकशे एकच्या वर हाय. ताप हाय. भरपूर ताप हाय."

"काही ताप न्हाई तिला!" शिवकन्याचा आवाज चढला. "कान बघा, गार हायत. नाकपुडी वल्ली हाय. आता रवंथ करून राहिली होती. तापातली गाय रवंथ करती का? आमच्या बाबानं कधी यंत्र न्हाई लावलं, कानाला हात लावूनच कळतं."

"मग यंत्र खोटं बोलतंय का?"

"मी कुठं म्हणले खोटं बोलतंय? पण गुंजीला ताप न्हाई!"

"अगं एकशे एक हाय! वीरेशला एकशे एक झाला होता तेव्हा तो बडबडत होता!"

"ते तर तसे बी बडबडतातच!"

भिंतीपलीकडून संगमेश्वर हसला, पण लगेच गंभीर झाला. त्याची दोन जनावरं होती, हसण्यावारी नेऊन कसं चालेल? "वहिनी, मी काय म्हणतो," तो म्हणाला, "तुमचं माझं वैर न्हाई. पण माझे बैल गेले तर मी पेरणीला काय स्वतःला जुंपू? गाय इथून हलवा. आजच."

जगदेवीला त्याचं पटलं. खरं सांगायचं तर तिला भीतीच वाटली होती, आणि घाबरलेली बाई हुकूम फार लवकर सोडते. ती वीरेशला म्हणाली, "त्या टेम्पोवाल्याला फोन लाव. दुपारच्या आत गाय भोकरला. बरी झाली की आणू परत."

"न्हाई," शिवकन्या म्हणाली.

"म्हंजी?"

"गाभण गाय हाय. भरलेलं पोट घेऊन दोनदा टेम्पोत हादरून मरंल ती. आत्ताच आली हाय. पुन्हा न्यायची न्हाई."

"ह्या घरात कुणाचं चालतं?"

यावर शिवकन्या ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. गुरुबसप्पा तर आवाज चुकवायला दोन पावलं मागं सरला. पण शिवकन्या ओरडली नाही. ती जगदेवीकडं बघत राहिली आणि एकदम हळू म्हणाली,

"तुमचंच चालतं आत्या. तिला न्यायची तर न्या. मी बी त्याच टेम्पोत जाते. तिच्यासंगं कुणीतरी लागंल."

"कधी येशील मग?" वीरेशनं विचारलं.

"बघू," ती म्हणाली आणि घरात गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

जगदेवी तिथंच उभी राहिली. वर्षभर तिला वाटत होतं, ही पोरगी एकदा तरी हळू बोलावी. आज बोलली. आणि जगदेवीच्या तोंडचं पाणी पळालं. सृष्टीचं हळू बोलणं वेगळं आणि हे वेगळं. हे हळू बोलणं म्हणजे विझलेली चूल. ह्या "बघू"चा अर्थ जगदेवीला कळत होता, ती काही कालची पोर नव्हती. भोकरला गेलेली शिवकन्या बोलावल्याशिवाय येणार नाही, बोलावलं तरी येईलच असं नाही, आणि वीरेश तिच्यामागं जाईल नाहीतर इथं बसून वाळून जाईल. एका गाईपायी घर मोडायची वेळ आली. आणि शब्द तर तोंडातून गेलेला. गिळता येतो का तो?

"अहो, तुम्ही काहीतरी बोला की," ती नवऱ्यावर उखडली.

"मी कशाला बोलू? तुझं यंत्र बोललंय," गुरुबसप्पा म्हणाला. पण त्यानं एक शहाणपणाचं काम केलं. त्यानं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं.

मग वाट बघणं सुरू झालं. टेम्पो आधी येतो की डॉक्टर, हेच बघायचं राहिलं होतं. जगदेवी शेडमध्ये जाऊन बसली. तिनं पुन्हा यंत्र लावलं, यावेळी स्वतःच्या हातानं. एकशे एक पॉइंट सहा. थोड्या वेळानं पुन्हा. एकशे एक पॉइंट दोन. गुंजीला आता ह्या बाईचा कंटाळा आला होता. तिनं मान वळवून जगदेवीकडं बघितलं आणि तिच्या खांद्यावर फुसकन श्वास सोडला. जगदेवीनं इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. तिनं गुंजीच्या गळ्याखाली हात फिरवला.

"बरी हो की गं," ती पुटपुटली. "उतरव की जरा ताप. तू गेलीस तर ती बी जाईल. मग मी कुणाला बोलू?"

टेम्पो आधी आला.

ड्रायव्हरनं फाळका खाली केला आणि चहा मागितला. शिवकन्यानं तो करून दिला. घरातून जायला निघालेली बाई जाता जाता ड्रायव्हरला चहा करून देते, हे बघून जगदेवीला रडूच यायचं राहिलं. मग शिवकन्या बॅग घेऊन बाहेर आली आणि परसाच्या दारात ठेवून उभी राहिली. वीरेश तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला, तिनं मान हलवली. गुंजीचं दावं सोडायला कुणाचाच हात पुढं होईना.

"सोडायची ना गाय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"थांब की जरा!" जगदेवी त्याच्यावर अशी खेकसली की त्याच्या कपातला चहा हिंदकळला. "चहा तर पी आधी! पळून चालली का ती?"

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. डॉक्टर रूपाली सोनकांबळे. तरुण बाई, पायात गमबूट, हातात पेटी. आल्या त्या सरळ गुंजीकडं गेल्या. तिच्याभोवती एक चक्कर मारली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, पोटाला हात लावला, मानेखाली बोटं फिरवली. मग पेटीतून आपलं थर्मामीटर काढलं, लावलं आणि घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या. संगमेश्वर भिंतीवर कोपरं टेकून उभा. ड्रायव्हरनंसुद्धा कप खाली ठेवला.

यंत्र वाजलं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "अडतीस पॉइंट सहा."

जगदेवी पेंडीच्या पोत्यावर मटकन बसली.

"अडतीस?" ती म्हणाली. "अडतीसच राहिला? सकाळी एकशे एक होता हो!"

तिला आपली सासू आठवली. शेवटच्या दिवशी म्हातारीच्या काखेत हेच यंत्र लावलं होतं, चौऱ्याण्णव आलं होतं आणि हातपाय बर्फ झाले होते. चौऱ्याण्णवला म्हातारी गेली, मग अडतीस म्हणजे काय उरलं? समोर गुंजी शेपटीनं माश्या हाकलत उभी होती, पण घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसतं का? आकडाच दिसतो.

"थंड पडली गं!" जगदेवीनं पदर डोळ्याला लावला आणि मोठ्यानं सुरू केलं. "माझी गाय थंड पडली! माझीच नजर लागली! शिवकन्या, पोरी, ये गं लवकर, हात लाव तिला, तुझ्या हाताची हाय ती! मी तिला टेम्पोत घालायला निघाले व्हते, म्हणून रुसली ती माझ्यावर!"

शिवकन्या धावत आली. तिनं गुंजीच्या कानाला हात लावला, नाकाला लावला, आणि सासूकडं बघितलं. वर्षात पहिल्यांदाच तिनं सासूला रडताना बघितलं होतं, आणि तेही "माझी गाय" म्हणून.

डॉक्टरीणबाई तर चकितच झाल्या. "मावशी, अहो मावशी! रडता कशाला? गाय ठणठणीत आहे."

"अडतीसवर कुणी ठणठणीत असतं का?"

"अडतीस म्हणजे..." आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हसू दाबलं, पण ते डोळ्यांत दिसलंच. "मावशी, माझं यंत्र दुसऱ्या मापाचं आहे. आम्ही सेल्सिअसमध्ये मोजतो. उन्हाचं माप असतं ना, बेचाळीस, चव्वेचाळीस, ते."

"गाईला ऊन मोजायचं यंत्र लावलं व्हय?"

"डिग्री दोन तऱ्हेच्या असतात हो. तुमच्या घरातलं यंत्र फॅरनहाइटचं. पाण्याचा बर्फ होतो ना, तिथं माझं यंत्र शून्य म्हणतं आणि तुमचं बत्तीस. पाणी उकळतं तिथं माझं शंभर म्हणतं, तुमचं दोनशे बारा. गाय एकच, अंग एकच, आकडे वेगळे. माझं अडतीस पॉइंट सहा म्हणजे तुमचं जवळजवळ एकशे एक पॉइंट पाच. सकाळी तुम्हाला किती आलं होतं?"

"एकशे एक पॉइंट चार," वीरेश म्हणाला. तो आकडा तो जन्मात विसरणार नव्हता, ज्या कष्टानं मिळवला होता ते बघता.

"मग तेच की. सकाळपासून काही बदललेलं नाही."

जगदेवीनं डोळे पुसले. गाय थंड पडली नव्हती, हे तिला कळलं. पण लगेच दुसरं कळलं आणि ती पोत्यावरून उठून उभी राहिली. आगीतून निघाली ती फुफाट्यात.

"म्हंजी ताप हायच! एकशे एक हायच! लम्पीच हाय मग!"

"मी काय म्हणलो?" भिंतीवरून संगमेश्वर.

"थांबा हो सगळे!" डॉक्टरीणबाईंचाही आवाज आता चढला. "एकशे एक ताप माणसाला. गाईला कुणी सांगितलं? माणसाचं अंग अठ्ठ्याण्णवला बरं असतं, गाईचं एकशे एकच्या थोडं वर. तिचं अंगच तेवढं गरम असतं. शेळीचं त्याहून थोडं जास्त. कोंबडी तर एकशे सहाच्या पुढं असते आणि दिवसभर उड्या मारते. तुमच्या यंत्रावर ह्या गाईचं अठ्ठ्याण्णव आलं असतं ना मावशी, तर मी पळत आले असते."

ड्रायव्हर "बघा की" म्हणाला आणि चहाचा शेवटचा घोट घेतला.

"आन ती गाठ?" संगमेश्वरनं विचारलं, पण त्याचा जोर ओसरला होता.

डॉक्टरीणबाईंनी गुंजीच्या मानेखाली दोन बोटं घातली, चिमटीत धरून ओढलं आणि तळहातावर ठेवून दाखवलं. गोचीड. रक्त पिऊन टम्म फुगलेला. "ही तुमची गाठ. आणि तिला लस दिलेली आहे, कानातल्या बिल्ल्यावरून मला फोनवर दिसतंय. तुमच्या बैलांना दिली का?"

संगमेश्वर भिंतीवरून हळूच खाली झाला. "उद्या आणतो मॅडम," असा आवाज तेवढा पलीकडून आला.

"मग खाऊन का न्हाई राहिली?" गुरुबसप्पानं विचारलं. तो सकाळपासून हाच एक प्रश्न मनात घेऊन बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी घमेल्यातली पेंड उचलून वास घेतला. "पेंड चांगली आहे. पण तिला सवय नाही. कडबा आणि हिरवा चारा खाणारी दिसते. नवीन जागा, नवीन पाणी. दोन-चार दिवस लागतात जनावराला. सवय होईपर्यंत जुनंच खाणं द्या आणि दुसरं म्हणजे तिला सारखं सारखं यंत्र लावू नका."

"म्हंजी अख्ख्या तालुक्याला माझी पेंड चालते," गुरुबसप्पा म्हणाला, "आन माझ्याच गाईला चालत न्हाई."

आधी वीरेश हसला, मग ड्रायव्हर, मग डॉक्टरीणबाई. जगदेवी हसली नाही. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि इतक्या जोरात पडला होता की तिला गुंजीच्या पाठीचा आधार घेऊन उभं राहावं लागलं. गुंजीचं अंग खरोखरच गरम होतं. छान ऊबदार. सकाळपासून ह्याच उबेला ती आजार म्हणत होती. तिनं हात तिथंच ठेवला. यावेळी तिनं इकडंतिकडं बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई गेल्या. गुरुबसप्पानं टेम्पोवाल्याला सांगितलं, आलाच आहेस तर संगमेश्वरच्या शेतावरून कडबा भरून आण. टेम्पो गेला. परसाच्या दारात बॅग तशीच होती आणि बॅगेशेजारी शिवकन्या पुन्हा येऊन उभी होती. गाय राहिली हे कळलं होतं, पण बॅगेचं अजून कुणी काही बोललं नव्हतं. जिनं बोलायचं तिनंच बोलायला हवं होतं.

जगदेवी दारापाशी गेली. बॅग उचलली. चांगलीच जड होती, महिन्याभराचे कपडे भरले होते पोरीनं.

"काय भरलंस एवढं?" तिनं विचारलं. "माझं थर्मामीटर तर न्हाई ना चोरून चाललीस?"

शिवकन्यानं नजर गुंजीकडं वळवली.

जगदेवीनं बॅग खाली ठेवली. मस्करीत उडवून लावायला बघितलं होतं, ते जमलं नाही. मग ती सरळच बोलली. "चुकलं माझं. तू सांगत व्हतीस, मी ऐकलं न्हाई. मला वाटलं मला लई कळतं. तू जाऊ नको. तू सकाळपासून गप्प हायस, मला भ्या वाटून राहिलंय."

शिवकन्याचे डोळे भरले. तिनं नाक ओढलं. आणि मग, इतका वेळ दाबून धरलेला आवाज एकदम सुटला.

"सकाळपासून किती येळा लावलं तिला ते! गाभण जनावर हाय का मशीन हाय? तुम्हाला कुणी असं धरून घडीघडी लावलं असतं तर कळलं असतं आत्या! आन मला म्हणता टेम्पोत घाला! ती भोकरपर्यंत गेली असती का? रस्त्यातच व्याली असती, मग? आन ते यंत्र आता देवघरात ठेवाल तर बघा, मी सांगून ठेवते, धुऊन बी न्हाई अन पुसून बी न्हाई!"

आवाज परसातून निघाला, घरातून गेला आणि थेट रस्त्यावर पोचला. जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं वळून बघितलं. गुरुबसप्पानं कानाला हात लावला, पण चेहरा हसरा. आणि जगदेवी? ती एखादं भजन ऐकावं तशी डोळे मिटून ऐकत उभी राहिली. तिला इतकं बरं वाटत होतं की काय सांगावं.

"बरं, बरं," ती म्हणाली. "न्हाई ठिवत देवघरात. गोठ्यातच राहू दे ते. माणसाला लावायचं न्हाई आता."

तिनं खरंच ते थर्मामीटर सुतळीनं शेडच्या वाशाला बांधलं. बॅग स्वतः उचलून आत नेली आणि कपाटापुढं ठेवली. शिवकन्या मागून येतच होती, बोलतच होती. बाकीचे गोचीड काढायचे राहिलेच, पाणी कुठलं द्यायचं, कडब्याच्या पेंढ्या कुठं रचायच्या.

भिंतीवर संगमेश्वरचं डोकं पुन्हा वर आलं. सकाळच्या प्रकारानं तो ओशाळला होता, काहीतरी गोड बोलावं म्हणून आला होता.

"वहिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "सूनबाई लई तापल्यात का?"

जगदेवी परसात येऊन गुंजीला कपाळावर खाजवत होती. तिनं मान वर केली.

"न्हाई वो," ती म्हणाली. "तिचं अंगच तेवढं गरम हाय. सकाळी जरा थंड पडली व्हती. आता बरी हाय."